पासबुकांना बांधलेले दोरे

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मशीन झाकून ठेवते.
खडकी बाजारातून ब्लाउज मागायला आलेल्या बायकांना
खिडकीतूनच सांगते, आज हात रिकामा नाही.
मग बॉबिनच्या डबीशेजारी
चार पासबुकं मांडते, पत्त्यांसारखी.

प्रत्येकाला एक दोरा बांधलाय.
नंबर माझ्या लक्षात राहत नाहीत,
रंग राहतात.

निळा रोजचा. शिलाईचे पैसे इथे येतात,
विजेचं बिल इथून जातं.
ह्याच्याकडे एक डोळा सतत,
गॅसवर दूध ठेवल्यासारखा.

पिवळा पोस्टाचा. तो आजारपणाचा,
आणि आजारपण येईपर्यंत
तो नाहीच, असं धरून चालायचं.

लाल पतपेढीचा. दीर तिथे संचालक होते,
नाही म्हणायची सोय नव्हती.
दीर गेले, पतपेढीची पाटी बदलली.
कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेखाली मी लिहून ठेवलंय:
१७ जुलै, मुदत पूर्ण, विसरू नको कालिंदी.
मला नावानं हाक मारणारं
आता तेवढंच उरलंय घरात.

ऋजुतानं, भाचीनं, एक खातं फोनमध्ये उघडून दिलं,
चहा गाळून होईपर्यंत.
त्याला दोरा कुठे बांधू?
म्हणून त्याचं फक्त पान आहे, दुरेघी वहीत.
एका खात्याला एक पान:
वर बँक, खाली वारसाचं नाव,
मग तारीख आणि शिल्लक, पूर्ण रुपयांत.
पैशांचा हिशेब मी ठेवत नाही.
आणि पासवर्ड वहीत लिहायचा नाही,
तो मी ज्या कापडात शिवलाय
ते कापड कुठलं, हे ऋजुतालाही ठाऊक नाही.

क्षीरसागर मॅडम काउंटरवरून म्हणाल्या होत्या,
सांभाळता येतील तेवढीच ठेवा, मावशी,
उरलेली बंद करून टाका.
बरोबरच आहे त्यांचं.

उरलेलं म्हणजे राखाडी.
औंध रोडच्या शाखेतलं, जयवंतचं आणि माझं.
बारा वर्षांपूर्वी बदली होऊन तो जबलपूरला गेला,
फॅक्टरीचा डबा पिशवीत घालून,
आणि पत्ता कळवायचा राहिला.
पासबुकावर अजून छापलेलं आहे,
दोघांपैकी कोणीही, किंवा हयात असेल तो.
चालवायला एकाची सही पुरते.
बंद करायला दोघांच्या लागतात.

म्हणून दर दिवाळीला मी शंभर रुपये भरते,
खातं झोपून जाऊ नये म्हणून.
दुसरं कारण नाही.
ऋजुता विचारते तेव्हाही
मी हेच सांगते.

परवा शुक्रवारी एन्ट्री करायला गेले.
तीन वर्षं नुसती पावती घेऊन परतत होते,
मशीन बंद, नाहीतर रांग मोठी.
परवा मशीन चालू होतं.
पासबुक आत ओढून घेतलं, घरघरत राहिलं,
पान संपलं, मॅडमनी उलटून दिलं.

व्याज. व्याज. माझे शंभर.
व्याज.
मग एप्रिलात शंभर जमा, रोख.
एप्रिलात मी काही भरलेलं नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिल, पुन्हा शंभर.
ह्या वर्षीही.

मी बोट ठेवून ओळी मोजल्या,
फीत धरून छाती मोजावी तशा, दोनदा.
त्याच्या वाढदिवसाचा महिना नाही एप्रिल,
माझाही नाही.
बहुतेक तिकडे वर्षाचे हिशेब
तेव्हाच करत असतील.

"बंद करायचं म्हणत होता ना?" क्षीरसागर मॅडम.
मी म्हटलं, नाही, नुसती एन्ट्री.

आज वहीत राखाडीचं पान काढलं.
तारीख घातली. शिल्लक लिहिली,
चार हजार सहाशे बारा रुपये
आणि सदतीस पैसे.